नोनीची कबर कोणी खणली?

नॉकावारा गावाच्या सभागृहात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी गटार तुंबल्याची सभा असली की चार डोकी जमतात, तीही चहासाठी. पण टॉवर म्हटल्यावर अख्खं गाव लोटलं. म्हाताऱ्या बार्टली फीरिकने आपल्या टेकडीवरचा तुकडा मोबाइल कंपनीला द्यायचं कबूल केलं होतं, आणि टेकडीच्या पायथ्याशीच शाळा होती.

सभा गाजवत होता मॅलेकी टनी, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. त्याची बायको अट्रॅक्टा काही वर्षांपूर्वी मेंदूतल्या गाठीने गेली होती. ‘तिलाच का?’ या प्रश्नाला डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं आणि फादरकडेही नव्हतं. टॉवरच्या लहरींनी अशा गाठी होतात असं त्याने ऐकलं, आणि आता निदान बोट दाखवायला जागा तरी मिळाली होती.

“आपली पोरं म्हणजे काय प्रयोगाचे उंदीर आहेत?” मॅलेकी गरजला. टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

निवृत्त नर्स फिलोमेना रश उठून उभी राहिली. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. “भीती वाटते ना? मग विचारू या. इतकी वर्षं अभ्यास चाललेत, लहरी ठरवलेल्या मर्यादेत असल्या तर अपाय होतो असं दिसलेलं नाही. तरी आपण मोजणाऱ्यांना बोलावू. शाळेच्या अंगणात उभं राहून मोजायला लावू.”

“कंपनीची माणूस कधीपासून झालीस गं, फिलोमेना?” मागून कोणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

दाराशी उभा असलेला बार्टली टोपी हातात चुरगाळत म्हणाला, “आमच्या नोनीचं हृदय अधू आहे. घर टेकडीच्या आडोशाला, तिथे मोबाइल लागत नाही, आणि प्रत्येक वादळात फोनची तार तुटते. डॉक्टरला बोलवायची वेळ आली तर...”

“म्हणजे तुझ्या बहिणीच्या हृदयापायी आमच्या पोरांची डोकी?” मॅलेकी म्हणाला. बार्टलीने टोपी घातली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून टेकडीच्या फाटकावर पहाऱ्याच्या पाळ्या लागल्या. थर्मास आले, हॅमची सँडविचं आली, फलक रंगले. गंमत म्हणजे त्या फलकांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला ही मंडळी बार्टलीच्याच टेकडीवर चढत, कारण फोनला रेंज मिळायची ती तिथेच! याचं कोणाला हसू आलं नाही.

टॉवरला विरोध करायचा त्यांना हक्क होता. पण टॉवर अजून कागदावरच होता, आणि राग काढायला माणूस मात्र शेजारीच राहत होता. बार्टलीचं गवत कापायला यंदा कोणाला सवड होईना. दुकानात तो शिरला की गप्पा थांबत. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत “एकमेकांना शांती द्या” असं फादर म्हणाले, सगळ्यांनी हस्तांदोलन केलं, आणि नोनीचा हात तसाच पुढे राहिला. मॅलेकी मागच्याच बाकावर होता. त्याने ते पाहिलं, आणि त्याला बरं वाटलं.

उन्हाळ्याअखेर कंपनीने माघार घेतली. पबमध्ये गाणी झाली. बहिष्कार मात्र उठला नाही. तो घातल्याचंच कोणी कबूल करत नव्हतं, मग उठवणार कोण?

फेब्रुवारीत नोनी झोपेतच गेली.

नॉकावारात कबर शेजाऱ्यांनी खणायची असते. कोणी बोलावत नाही, कोणी सांगत नाही. सांगायला लावणं म्हणजे त्या घराचा अपमान. बातमी कळली की माणसं आपलं फावडं घेऊन निघतात. या वेळीही सगळ्यांना बातमी कळली होती, आणि पहिलं कोण जातं म्हणून सगळे एकमेकांच्या घरांकडे बघत बसले. कोणी ना कोणी जाईलच, असं म्हणत मॅलेकी अंगणात बस धूत राहिला.

फिलोमेना तरातरा आत आली.

“दफन उद्यावर आलंय. दफनभूमीत एक शेजारी नाही!”

“माझी एकट्याचीच जबाबदारी आहे का?”

“अट्रॅक्टाच्या वेळी पहिलं फावडं कोणाचं पडलं होतं रे?”

“बार्टलीचं,” मॅलेकी म्हणाला आणि त्याने पाइप खाली टाकला.

“टॉवर असता तर नोनी वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते मलाही माहीत नाही. पण अट्रॅक्टा गेली तेव्हा इथे कुठला टॉवर होता, मॅलेकी? तुझं दुःख मला कळतं. ते त्या दोन म्हाताऱ्यांच्या माथी मारायचं होतं?”

अरेरे! हे त्याला स्वतःला कधीच कसं सुचलं नव्हतं? त्याने फावडं उचललं आणि तो धावत सुटला.

दफनभूमीत एक छोटं पिवळं यंत्र घरघरत होतं. तालुक्याहून भाड्याने आणलेलं! नॉकावारात आजवर कोणाची कबर यंत्राने खणली नव्हती. चालवणारा परका माणूस होता. “तुम्ही घरचे का?” त्याने विचारलं.

“शेजारी,” मॅलेकी कसाबसा म्हणाला.

पलीकडे उभा असलेला बार्टली फावड्याकडे बघत म्हणाला, “राहू दे आता. झालंय काम.”

“बार्टली, चुकलो मी.”

“तुला भीती वाटली, त्याचा मला राग नाही. कोणालाही वाटेल. पण नोनीने तुमचं काय केलं होतं रे?”

मॅलेकी तिथेच उभा राहून रडला. बार्टलीने त्याला गप्प केलं नाही, आणि जवळही घेतलं नाही.

दफनाला सगळं गाव आलं. नंतर सभागृहात चहा झाला, तेव्हा मॅलेकी उठला.

“टॉवर नको म्हणायचा आपला हक्क आहे, उद्याही राहील. पण आपण विचारलं नाही, मोजलं नाही, फक्त एक घर वाळीत टाकलं. टॉवरने आपल्या पोरांचं काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. आपण काय केलं ते मात्र पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय!”

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. वाचकहो, भीती तुम्हाआम्हालाही वाटते, आणि वाटली तर जरूर प्रश्न विचारावेत, जाब मागावा, आंदोलनही करावं. पण उत्तर मिळेपर्यंत शेजाऱ्याला शत्रू ठरवू नये, कारण नंतर माफी मागायला गेलं तरी ती घ्यायला समोरचा माणूस थांबलेला असेलच असं नाही.

बार्टली चहाला थांबला नव्हता. गाईंना चारा घालायची वेळ झाली होती, आणि आता घरात दुसरं कोणी नव्हतं.