परलोकातलं घड्याळ

बुवांना काय मिळणार होतं, ते आधी मांडू. फोटो स्टुडिओची पुढची खोली. रस्त्यावर उघडणारी, काचेच्या दाराची, वर पाटी लावायला ऐसपैस जागा असलेली. महिन्यापूर्वी हेच बुवा समोरच्या इमारतीत जिन्याखाली बसून बिघडलेले चार्जर दुरुस्त करत आणि गल्ली त्यांना 'चार्जरवाला' म्हणे. जिन्यापासून काचेच्या दारापर्यंत वीस पावलं. सरळ चालत गेलं तर भाडं पडतं. म्हणून बुवा परलोकाला वळसा घालून निघाले होते.

त्या संध्याकाळी स्टुडिओत मुंगी शिरायला जागा नव्हती. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून दुकानाचं शटर ओढून घेतलं होतं. मध्ये टेबलावर फोटोग्राफरचा लॅपटॉप. फोटोग्राफर तीन महिन्यांपूर्वी गेला आणि जाताना पासवर्ड सोबत घेऊन गेला. बायकोने लग्नाची तारीख घालून पाहिली, दुकानाचं नाव घालून पाहिलं. यंत्र काही बधलं नाही. आणि बुवा ते पासवर्डाविना उघडत. म्हणजे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, खुद्द फोटोग्राफर येऊन उघडे.

"दिवे मंद करा. आत्म्याला झगमगाट सोसत नाही."

बुवांनी काळ्या मखमलीत गुंडाळलेली अंगठ्याएवढी डबी लॅपटॉपच्या कडेला खोचली. तिला ते 'दुवा' म्हणत. मग बटण दाबून एकच कळ टकटक, टकटक ठोकू लागले. "दार ठोठावावं लागतं. तो पल्याड, आपण अल्याड."

काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं सरसर धावली. "बघा, वाट चालतोय!" आणि नेहमीच्या पडद्याऐवजी निळाशार, रिकामा पडदा उजळला. चार टिचक्या मारल्यावर एकेक करून फोटो उघडले.

"हे केस मीच कापलेले!" न्हावी गहिवरला.

शेवटी पत्र. रोज एक यायचं, हे एकविसावं. आजच्यात लिहिलं होतं, 'प्रिये, मी सुखात आहे. पुढची खोली या सत्पुरुषाला दे, म्हणजे दुवा तुटणार नाही.'

"आता उत्तर लिहा, ताई," बुवा म्हणाले. "थेट पोचतं." फोटोग्राफरची बायको पदराने डोळे पुसत अर्धा तास कळा दाबत राहिली. मग थोरल्या नणंदेकडे वळली. "वन्सं, उद्या सही करते मी. साक्षीदार म्हणून तुम्ही याल ना?"

या वन्सं म्हणजे भूगोलबाई. तीस वर्षं शाळेत नकाशे टांगून निवृत्त झालेल्या. त्यांचा भाऊ बायकोला 'अगं ए'च्या पुढे जन्मात काही म्हणाला नव्हता. मेल्यावर एकदम 'प्रिये'? पण बाईंची नजर खरी अडली ती पडद्याच्या कोपऱ्यात. भिंतीवर सात वाजले होते आणि पडद्यावर अजून दुपार.

"बुवा, हे घड्याळ मागे कसं?"

"ती वरची वेळ, बाई. तिकडे काळ सावकाश चालतो."

"सावकाश चालतो तर अंतर रोज वाढायला हवं. काल जेवढं मागे होतं, तेवढंच आजही आहे."

"श्रद्धा ठेवावी, गणितं मांडू नयेत," बुवा म्हणाले. गर्दीने बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी मयताला फळ्याजवळ उभं केलं.

घरी जाऊन बाईंनी नकाशा उघडला, साडेपाच तासांच्या फरकाचे रेखांश मोजले आणि त्या खुदकन हसल्या. परलोक नेमका शून्य रेखांशावर निघाला! मग संगणकाचं काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी कागद तयार, पेन तयार. बाईंनी पिशवीतून दुसराच लॅपटॉप काढला. "सहीआधी एवढं करा, बुवा. माझ्या फार जवळच्या बाईचा आहे. पासवर्ड लावलेला आहे."

गर्दीसमोर नाही कसं म्हणणार? टकटक, टकटक. तोच निळा पडदा. मागोमाग नकाशांचे आणि शाळेच्या सहलींचे फोटो. बुवांनी डोळे मिटले. "शांतपणे गेली बिचारी. म्हणतेय, तुमची फार आठवण येते."

"कोण म्हणतेय?"

"या लॅपटॉपची मालकीण."

"मालकीण मीच. अजून गेलेली नाही."

पहिल्यांदा न्हावी हसला, मग सगळी खोली. बाईंनी मखमलीसकट डबी उपटली. पडदा विझला. लॅपटॉप पुन्हा चालू करून त्यांनी पासवर्ड घातला. त्यांचा स्वतःचा पडदा उघडला, कोपऱ्यात घड्याळ बरोबर.

"दिवे लावा आणि नीट ऐका. या डबीत संगणक चालवणारी एक अख्खी वेगळी प्रणाली आहे. यंत्र सुरू होताना ती कळ ठोकली की ते घरची प्रणाली सोडून डबीतली उचलतं. पासवर्ड विचारतो तो घरचा दरवान. हा पाहुणा मागच्या दाराने येतो. फोटो वेगळे कुलूपबंद नसले तर त्याला सरळ दिसतात. ज्यांना आपला माग लागू द्यायचा नसतो, त्यांच्यासाठी ही बनवलेली, म्हणून जगभर कुठेही शून्य रेखांशावरचीच वेळ दाखवते. आणि डबी काढली की झालेलं सगळं विसरते. पत्रं यांनी घरून लिहून आणलेली."

"पण फोटो तर मी दाखवलेच ना!" चार्जरवाला पुटपुटला. त्याच्यातले बुवा तेवढ्यात संपले होते.

"दाखवलेस. 'पासवर्ड विसरलात? फोटो काढून देतो' अशी पाटी लावली असतीस, तर याच गल्लीने तुला डोक्यावर घेतलं असतं. अवजार चांगलं आहे रे, तू त्याला भूत केलंस." मग बाई गर्दीकडे वळल्या. "आणि तुम्ही! दिवे मालवायला सांगणाऱ्याला एकानेही 'का' विचारलं नाही? हात जोडायला कधीही वेळ असतो. आधी घड्याळ बघा."

कागद फाटला. सगळे हसत असताना भावजयीने हळूच विचारलं, "वन्सं, सगळं विसरते म्हणजे... मी लिहिलेलंसुद्धा?"

बाई खाली वाकून कागदाचे तुकडे गोळा करू लागल्या.

तर कोणाला काय मिळालं? चार्जरवाल्याला मखमलीचा तुकडा. आठवड्यात तो पुन्हा जिन्याखाली बसला. न्हाव्याला एक अर्धी दाढी. आणि भावजयीला एकवीस संध्याकाळी. त्या एकवीस उत्तरांत तिने नवऱ्याला जिवंतपणी कधी सांगितलं नव्हतं ते सगळं लिहिलं होतं. त्यातलं एक अक्षरही कुठे उरलं नाही.