रिन्नोसुकेंच्या मापाचा टोप

माझे केस बघून सगळे हरखतात, पण माझा खरा जीव आतल्या तांब्याच्या पत्र्यात आहे. हो, मी केसांचा टोपच बोलतोय, जपानच्या काबुकी नाटकात बाईचं काम करणाऱ्या नटाच्या डोक्यावरचा. क्योतोच्या उएमुरा कारागिरांनी त्या नटाचं, रिन्नोसुकेंचं डोकं बोटांनी चाचपलं, पत्रा ठोकून ठोकून त्या मापाचा केला आणि मग त्यावर केस चढवले. दुसऱ्या कुणाला मी बसत नाही. त्याचा मला थोडा गर्वही होता.

काबुकीत बायकांची कामं पुरुषच करतात. बावीस वर्षं मी रिन्नोसुकेंबरोबर स्त्रीपार्ट केला. मला चढवलं की ते खांदे मागे ओढत, गुडघे जुळवत, आणि एवढा धिप्पाड माणूस नाजूक दिसायला लागे. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि रंगमंच सुटला. नाटकमंडळीनं आठवण म्हणून मला त्यांच्या घरी पाठवलं. पेटीतले ते महिने फार वाईट गेले.

त्यांची मुलगी मादोका मांगा, म्हणजे चित्रकथा काढते. मुलगी म्हणून रंगमंच तिला बंद होता, तेव्हा तिनं कागदावर नाटक मांडलं. तिचा नायक स्त्रीपार्ट करणारा नट. पण पहिलाच भाग मासिकाकडून परत आला. नायक रंगमंचावर नुसती मुलगी दिसतो, नट कुठे आहे, असं संपादकबाई विचारत होत्या. पुन्हा जमलं नाही तर मासिकातली तिची पानं दुसऱ्या कुणाला जाणार होती.

तिनं चित्रं वडिलांपुढे ठेवली. टपोरे डोळे, लांब पापण्या, मागे फुलंच फुलं. मुलींच्या मांगातली नायिका असते तशीच.

"छान आहे गं," रिन्नोसुके म्हणाले. "पण ही जन्मापासूनच बाई आहे. मला दर पावलाला बाई व्हावं लागायचं. ते यात कुठाय?"

"तेच हाताला सापडत नाही, बाबा. एकदा चालून दाखवा ना."

ते उठायला गेले आणि टेबल धरून परत बसले. मादोकानं तोंड फिरवलं. ते म्हणाले, "मग तूच चाल."

माझं वजन मानेवर आल्याशिवाय ती चाल येत नाही. म्हणून मला तिच्या डोक्यावर चढवलं, पण मी डुगडुगत नाकापर्यंत घसरलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेवटी उएमुरांना बोलावलं.

"हिच्या मापाला ठोकला, की तुम्हाला पुन्हा व्हायचा नाही," म्हातारा कुरकुरला.

"घालून मी जाणार कुठे? ठोका."

केस उतरवले आणि पहिला घाव बसला, तेव्हा मला रडू आलं. बावीस वर्षांचं ते डोकं माझ्यातून निघून चाललं होतं. रिन्नोसुके शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत.

मग तीन आठवडे रोज सकाळी तालीम चालली. गुडघ्यांत कागद धरून चालायचं, पडला की पुन्हा पहिल्यापासून. ते तिला बदक म्हणत. एकदा ती वैतागली, "अहो, मी बाईच आहे ना?"

"म्हणून तर तुला जास्त शिकावं लागतंय."

मादोकानं सगळं नव्यानं काढलं. पापण्या गेल्या, फुलं गेली. मागे ओढलेले रुंद खांदे आले, बाहीत लपवलेले मोठे हात आले, मानेवर ताणलेली शीर आली. हा भाग परत आला नाही.

छापलेलं मासिक रिन्नोसुकेंनी बराच वेळ हातात धरलं. मग चित्रातल्या डाव्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथंच दुखायचं मला. कुणाला कधी सांगितलं नव्हतं."

मी आता मादोकाच्या टेबलावर असतो, तिच्या मापाचा. दिव्यांचा झगमगाट पुन्हा दिसणार नाही, याचं वाईट वाटतं. पण तुमच्या हाती ते मासिक आलं, तर पान जरा सावकाश उलटा. चित्रातली ती मान वाकली आहे ना, ती माझ्या वजनानं.