चवथीत कोणी कोणाला मारायचं नाही

मोबाइलवरचं राज्य चालवणं खऱ्या राज्यापेक्षा कठीण असतं, असं माझं पक्कं मत झालं आहे. खऱ्या राज्यात निदान पोलीस असतात. आमच्या सातपाणीत मी एकटी विनोदिनी, आणि मला नोकरीही करायची असते.

सातपाणी म्हणजे आमचा ऑनलाइन खेळ. त्यात चित्रं नाहीत की बंदुकांचे आवाज नाहीत. एक ग्रुप आहे आणि त्यात ज्याने त्याने घेतलेलं सोंग आहे. कोणी राजा, कोणी ऋषी, कोणी दरोडेखोर. आपलं सोंग काय करतं, काय बोलतं ते लिहायचं, दुसऱ्याने आपल्या सोंगाच्या तोंडून उत्तर द्यायचं, की गोष्ट पुढे सरकते. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि डिचोलीच्या आमच्या ट्रकवाल्या ऑफिसात काम उडालं, खुर्च्या तेवढ्या उरल्या, तेव्हा मी हे सुरू केलं. वाटलं, चार माणसं हौसेने मराठी लिहितील. चाळीस आली आणि हौसेने भांडू लागली.

म्हणून नियम आले. नियम कोणी शहाणपणातून करत नाही. आधी एकजण लबाडी करतो, मग तिच्या पाठोपाठ नियम धापा टाकत येतो. आमच्या प्रत्येक नियमाला एकेक बाप आहे, आणि तोच बाप नव्या माणसाला साळसूदपणे सांगतो, ‘नियम बाकी कडक हां आमचे.’

‘दुसऱ्याच्या सोंगाचं आपण लिहायचं नाही’ हा गोपाळचा. गोपाळ सिंधुदुर्गातला, आमच्याकडे ट्रक चालवायचा. त्याचा सेनापती तलवार मारायचा आणि समोरचा ‘मेलो गे आये’ म्हणून पडायचा, हे दोन्ही गोपाळच लिहून मोकळा. त्याचाच सेनापती इतक्यांदा मरून उठला की ‘मेलेलं सोंग परत येत नाही, माणसाने महिन्याने नवं घ्यावं’ हाही त्याच्याच नावावर आहे. ‘माणसाने वाचलं म्हणून सोंगाला कळलं असं होत नाही’ हा आमोण्याच्या गोकुळदासबाबांचा. त्यांचा ऋषी ग्रुपवर आलेली प्रत्येक गुप्त मसलत ध्यानात बसून ‘ओळखायचा’.

‘नदी होडीशिवाय ओलांडायची नाही, आणि होडी होडीवालीनेच चालवायची’ हा मात्र साईशने भांडून करून घेतला. साईश म्हापशाला मोबाइलच्या दुकानात असतो. त्याचा दरोडेखोर तांबडा भिवा. बाबांचा ऋषी नदीवरून उडून जातो, मग आम्हीच काय पाप केलं, म्हणून त्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लं. शेवटी मी लिहिला. सगळ्यांना एकच होडी.

ती होडी राधीची, आणि राधी तनयाची.

तनया इब्रामपूरची. शेतकऱ्याचं घर, कॉलेज झालेलं, नोकरी नाही, आणि बोलणं इतकं कमी की फोनवर मला वाटायचं, रेंज गेली. राधी तिच्या उलट. होडीत राजा बसला तरी त्याला म्हणायची, “पाय वर घे, पाणी येतं. आणि बोल.” मग राजेही बोलायचे. अख्ख्या सातपाणीची गुपितं तिच्या होडीत सांडलेली. तनया मला एकदा म्हणाली होती, “बाय, घरात मी बोललें तर कोण आयकना. राधी बोलली की राजा गप रवता.” म्हणजे इतरांना तो खेळ होता. तिला ती ऐकणारी माणसं होती.

गेल्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोकुळदासबाबा गणपतीवरच्या माटोळीला कांगलां-नारळ अशी फळं बांधत होते आणि इकडे कोणीतरी त्यांचा आश्रम पेटवला. बाबा इतके खवळले की नियम त्यांनी स्वतः सांगितला आणि मी लिहिला, ‘चवथीत कोणी कोणाला मारायचं नाही. गणपती पाण्यात गेला की खेळ सुरू.’ चाळीस जणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. चाळीसातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की गणपती कुणाचा?

साईशच्या घरचा दीड दिवसाचा. तनयाच्या घरचा नऊ दिवसांचा.

यंदा चवथीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साईशने घरचा गणपती पोचवला, ओले पाय पुसले आणि तांबडा भिवा होडीत बसवला. राधीने त्याला पूर्वी सगळ्यांदेखत ‘आधी पाय धुवून ये’ म्हटलं होतं, ते त्याच्या पोटात होतं. होडी पलीकडे लागताच त्याने वार केला. वार झाला की समोरच्याला एक दिवस द्यायचा, उत्तर नाही आलं तर वार लागला, असा आमचा नियम. तनया त्या वेळी पाहुण्यांच्या पानावर नेवऱ्या वाढत होती, फोन कुठल्यातरी फडताळावर. दिवस उलटला. साईशने थाटात लिहिलं, ‘राधी संपली. तिची चांदीची वाकी भिवाने आपल्या दंडात घातली.’

नऊ दिवसांनी तनयाने ग्रुप उघडला. मला फोन केला. या खेपेला रेंज होती, तरी आवाज नव्हता.

मी सगळ्यांना शुक्रवारी म्हापशाला बोलावलं. बाजाराचा दिवस, कोणीतरी येणारच होतं. बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही पाच जण बसलो, मधे पातळ भाजी आणि उंडे पाव. साईश दुकानातून सुटी काढून आला होता, चेहरा असा की सत्कार आहे.

“म्हजो गणपती दीड दिसाचो,” तो म्हणाला. “पाण्यात गेलो. म्हजी चवथ सोंपली. नियम वाचा, विनोदिनीबाय.”

“अरे झिला,” गोपाळ म्हणाला, “तुझो गणपती गेलो म्हणान सगळ्यांचे गेले काय रे? उद्या तू जेवलंस म्हणान आमी ढेकर देवचे?”

“तसं लिहिलंय कुठे?”

“लिहिणार कशाला!” गोकुळदासबाबांनी उंडा मोडला. “गणपती पाण्यात गेला म्हणजे गेला. पाच दिवसांनी. सगळ्या जगाला ठाऊक आहे.”

“बाबा, तुमच्या घरचा पाच दिवसांचा,” मी म्हटलं.

“मग?”

“आमच्या गावात अकरा,” गोपाळ म्हणाला. “माझ्या मामाकडे एकवीस. त्याका खेळात घेतलास तर दसऱ्यापर्यंत आरतीच म्हणा.”

पुढचा अर्धा तास कुणाच्या घराण्यात किती दिवसांचा आणि का, हे झालं. बाबांच्या आजोबांनी नवस केला होता. साईशच्या आजोबांनी सोय बघितली होती. भाजी दोनदा आली. राधीचं नाव कोणी काढलं नाही. ज्या पोरीचं काही गेलं होतं ती कोपऱ्यात बसून बाजाराची पिशवी मांडीवर धरून होती.

शेवटी मी टेबलावर हात आपटला. “पहिल्या घरी गणपती आला की खेळ बंद, शेवटच्या घरचा गेला की सुरू. हा नियम पुढच्या वर्षीपासून. आणि साईशचा वार रद्द. राधी जिवंत.”

“असं कसं?” साईश उठलाच. “आज नियम केला आणि मागचा वार रद्द? मग नियम कशाला, तुमची मर्जी म्हणा.”

आणि वाईट हे, की पोरगा बरोबर बोलत होता. लबाड माणूस बरोबर बोलतो तेव्हा जो संताप येतो त्याला भाषेत शब्द नाही.

“राधी मेली,” तनया म्हणाली.

तिचा आवाज आम्ही समोरासमोर पहिल्यांदाच ऐकत होतो.

“दया येऊन उठवलेली राधी कोणाला काय बोलणार? कोण ऐकणार तिचं? नको. महिन्याने मी नवं सोंग घेते. नियमाप्रमाणे.” तिने पिशवी उचलली. “पेडण्याची बस सुटता माझी.”

साईश जिंकला होता. राहिलेला उंडाही त्यानेच खाल्ला.

त्याला कळायला दोन दिवस लागले. रविवारी त्याने लिहिलं, ‘तांबडा भिवा घोड्यावर टांग टाकून राजधानीकडे निघाला.’ राजा म्हणजे मीच. मी विचारलं, ‘नदी कशी ओलांडली?’

त्याने ती ओळ पुसली.

होडीवाली त्यानेच मारली होती, पलीकडच्या काठावर. होडी होडीवालीनेच चालवायची. होडीशिवाय ओलांडायची नाही. इकडच्या काठावर दसऱ्याच्या स्वारीची तयारी सुरू होती, जिची आखणी साईश चार महिने करत होता. भिवा महिनाभर रिकाम्या काठावर बसून राहिला. गोपाळचा सेनापती रोज सकाळी इकडून हाक मारायचा, ‘भिवा, थंय चाय गावता काय रे?’ चहा मिळतो का विचारण्याविरुद्ध नियम नाही. साईशने मला सात वेळा फोन केला. सातही वेळा मी कामात होते, आणि आमच्या ऑफिसात काम नसतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

महिना भरला त्या दिवशी दुपारी तनयाने लिहिलं, ‘नदीवर एक पोर आली. नाव चिमी. राधी मावशीकडे राहायला. मावशी दिसत नाही. होडी आहे. चिमीला वल्हवता येतं.’

साईशने एका मिनिटात लिहिलं, ‘भिवा होडीत बसला.’

मी जेवण सोडून मोबाइल धरला. मला तो जुना नियम आठवला, आणि बाबांनाही आठवला असावा, कारण त्यांनी मला वेगळा निरोप पाठवला, ‘चिमीला काय ठाऊक असणार? मावशी कोणी मारली ते तनयाने वाचलंय, चिमीने नाही.’ माणसाने वाचलं म्हणून सोंगाला कळलं असं होत नाही. भिवाने तोंड बंद ठेवलं तर तो सुटत होता, आणि तनयाला त्याला अदबीने काठावर उतरवावं लागणार होतं.

होडी निघाली. चिमी हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, ‘काका, माझी राधी मावशी बघितलीस कुठे?’

‘मावशी? तीर्थाला गेली,’ भिवा म्हणाला. ‘मला म्हणाली, भाचीला सांग.’

ग्रुपवर चाळीस माणसं वाचत होती.

‘बरं झालं,’ चिमी म्हणाली. ‘काका, उन्हात तुझ्या दंडात चमकतं ते काय?’

साईशने लिहायला घेतलं, थांबला, परत घेतलं.

‘मावशीची वाकी आहे ती,’ चिमी म्हणाली. ‘लहानपणी मावशी मला ती चोखायला द्यायची. दातांच्या खुणा आहेत बघ.’

वाकी त्याने स्वतः लिहिली होती, स्वतः दंडात घातली होती. डोळ्यांना दिसतं ते सोंगाला कळतंच. पुढची ओळ तनयाची आली, ‘नदीच्या मध्यावर चिमीने वल्हं वर काढून ठेवलं.’

लगेच माझा फोन वाजला. या वेळी मी उचलला.

“विनोदिनीबाय, हें कितें? मधेच होडी थांबवायची हे नियमात बसतं?”

मी नियम उघडले, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. माझेच होते, पण इतक्या प्रेमाने मी ते कधी वाचले नव्हते.

“होडी होडीवालीनेच चालवायची,” मी म्हटलं. “कधी चालवायची ते तू सांगितलं नव्हतंस, साईश.”

“मग मी पोहून जातो.”

“नदी होडीशिवाय ओलांडायची नाही.”

“विनोदिनीबाय, प्लीज. आज नवीन नियम करा एखादा.”

“आज करून मागचं कसं चालेल?” मी म्हटलं. “मग नियम कशाला, माझी मर्जी म्हण.”

त्याने फोन ठेवला. ग्रुपवर चिमीची ओळ येऊन पडली होती, आणि मला ती इब्रामपुरातून मोठ्याने बोलल्यासारखी ऐकू आली.

‘पाय वर घे, काका, पाणी येतं. आणि बोल.’