भोंगा वाजला तेव्हा

तेजलने आरोहीच्या कानामागचं मशीन काढलं, डोक्याला चुंबकाने चिकटलेली गोल चकती सोडवली आणि दोन्ही डबीत घालून कमरेच्या पाऊचमध्ये ठेवली. सात वर्षांच्या आरोहीचे डोळे एकदम मोठे झाले. मशीनला पाणी चालत नव्हतं आणि मशीनशिवाय तिला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नव्हता. आता सगळं काम डोळ्यांचं.

"माझा हात सोडायचा नाही," तेजल तिच्यासमोर वाकून, ओठ ठळक हलवत म्हणाली.

आरोहीने मान डोलावली.

पेठ रोडवरच्या त्या वॉटर पार्कमध्ये दोन दिवस राहायचं, हे मुळात रुद्रसाठी ठरलं होतं. अकरा वर्षांच्या रुद्रच्या आजवरच्या सुट्ट्या बहिणीच्या ऑपरेशनमध्ये आणि थेरपीच्या बाकांवर गेल्या होत्या. नाशिक रोडवरून गाडी निघाली तेव्हा तेजल त्याला म्हणाली होती, "ही सुट्टी तुझी. तू म्हणशील तसं."

आणि त्याने पहिलं नाव काढलं ते लाटांच्या तलावाचं. तिचा नवरा मयूर जेवणाची कुपनं आणायला गेला होता. तिघं काठावर उभी होती. लाटा सुरू होण्याचा भोंगा वाजला, शे-दोनशे माणसं किंचाळत पाण्याकडे धावली, आणि रुद्र ओरडला, "आई, गॉगलचा पट्टा! लवकर, लवकर!"

पट्टा बांधायला दोन्ही हात लागणार होते.

ती वळली तेव्हा आरोही नव्हती.

पहिल्यांदा ती घाबरलीसुद्धा नाही. दोन पावलांवर असेल, म्हणून तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. तिथे निळ्या पोशाखातल्या, पिवळ्या टोप्या घातलेल्या मुलीच मुली होत्या. पोशाख तिथलाच भाड्याने घ्यायचा, टोपी सक्तीची. सगळ्या पाठीकडून सारख्या.

तेजलने एका पिवळ्या टोपीला खांद्याला धरून वळवलं. ती दुसरीच होती. दुसऱ्या टोपीला वळवलं, तर तिची आई अंगावर आली, "ओ मॅडम, काय चाललंय?"

"माझी मुलगी," तेजल म्हणाली आणि पुढे गेली. रुद्रचा दंड तिने इतका घट्ट धरला होता की तो कळवळला.

"आरोही! आरोही!"

घसरगुंड्यांच्या जिन्यांवर, लहान मुलांच्या उथळ पाण्यात, प्लास्टिकच्या हत्तीमागे ती हाका मारत फिरली. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून तिने ओरडून पाहिलं, "आरोही!" आतून उत्तर आलं नाही. ती तशीच पुढे पळाली. फोन लावल्यावर मयूर कुपनांची रांग सोडून गेटकडे धावला. कुणी बाहेर घेऊन गेलं असेल तर गेटवरच सापडेल, असं तो धापा टाकत म्हणाला.

माईकच्या खोलीतली मुलगी भली होती. तिने लगेच नाव विचारलं, वय विचारलं आणि बटण दाबलं. "आरोही बेटा, जिथे असशील तिथून–"

"अहो, तिला ऐकू येत नाही."

मुलीने माईकवर हात ठेवला. "अजिबातच?"

"मशीन माझ्याकडे आहे."

मुलीने माईक पुन्हा जवळ ओढला. "सर्व पाहुण्यांना विनंती. निळा ड्रेस, पिवळी टोपी घातलेली एक मुलगी…"

काचेतून दिसणाऱ्या सगळ्या आया आपापल्या पिवळ्या टोप्यांकडे बघू लागल्या.

लाटा थांबवायला तेजलनेच लावलं. जीवरक्षकाने शिट्टी फुंकली, माणसं कुरकुरत बाहेर आली आणि काठावर उभी राहून तिच्याकडे पाहू लागली. पाणी स्थिर व्हायला फार वेळ लागला. जीवरक्षक दोनदा तळापर्यंत जाऊन आला. "ताई, कुणी नाही. खरंच नाही."

तिने ऐकलं नाही. अंगावरच्या ड्रेससकट ती पाण्यात उतरली, कमरेपर्यंत गेली आणि पायांनी तळ चाचपत चालू लागली. फरशी, फरशी, फरशी. प्रत्येक पाऊल टाकताना काहीतरी मऊ लागेल या भीतीने तिचा तळवा आखडत होता. तरी ती टाकत होती.

काठावर बसलेला रुद्र हुंदके देत होता. "मी पट्टा बांधायला सांगायलाच नको होतं. मला नको गॉगल."

त्याच्याकडे जावं, त्याला पोटाशी धरावं, हे तिला कळत होतं. पण पाय तळावरून निघत नव्हते.

एवढ्यात गर्दीतून कुणा बाईने आपल्या मुलाला हाक मारली, "सनी, इकडे ये!" आणि दूरवर उभ्या एका मुलाने चटकन मान वळवली.

तेजल जागीच थबकली. दारातून ओरडून ती पुढे पळाली होती. आत पाऊलही न टाकता.

कपडे बदलायच्या खोलीत लॉकरच्या रांगेमागे, संडासांच्या तोंडाशी एक बाक होता. त्यावर आरोही पाय जुळवून बसली होती. शेजारी झाडू टेकवून साफसफाईवाली बाई उभी होती. तिच्या कोटावर 'कुसाबाई' असं शिवलेलं होतं.

"तुमची हाय का?" कुसाबाई म्हणाली. "लय येळची बसलीय. नाव इचारलं, गाव इचारलं, कायच बोलंना. जागची पन हलंना. म्हनलं, सोडून कशी जाऊ?"

हरवलीस तर असशील तिथेच बसायचं, हे तेजलनेच शिकवलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली. तिच्या कपड्यांचं पाणी फरशीवर पसरत गेलं. तिने आरोहीचे दंड धरले, आणि ती रागानेच ओरडली. "कुठे गेली होतीस? न सांगता? मी मेले असते!"

आरोही तिच्या ओठांकडे एकटक पाहत होती. मग तिने मान हलवली.

"शांगितलं," ती म्हणाली. मशीन काढलं की तिला स्वतःचा आवाजही कळत नसे; आत्ता तो जेमतेम कुजबुजीएवढा निघाला. "शू आली, शांगितलं. दोनदा." तिने दोन बोटं दाखवली. "तू दादाकडे होती. तुला ऐकू नाई आलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणाला तसं होऊ शकतं, हे तिला माहीत होतं.

'श' यायला तिला अकरा महिने लागले होते. रोज संध्याकाळी आरशासमोर, तेजलच्या मांडीवर.

तेजलने तिला छातीशी ओढलं आणि तिच्या ओल्या टोपीवर तोंड दाबून धरलं. कुसाबाईने झाडू उचलला आणि ती पलीकडे गेली.

बाहेर आल्यावर गेटकडून मयूर धावत येताना दिसला, काठावरून उठून रुद्र त्याच्यापुढे पळत होता. मयूरने मुलीला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"काय गं," तो तिला म्हणाला, "असं जायचं असतं का? सांगून जायचं ना आईला!"

तेजलने रुद्रला जवळ घेतलं होतं. तिने मान वर केली नाही.

"सांगून गेली होती ती," ती म्हणाली.