पौर्णिमेच्या कोबीभाताचा कुकर

मित्रांनो, मी हिरव्या रंगाचा, विजेवर चालणारा भाताचा एक म्हातारा कुकर आहे आणि सध्या भयंकर वैतागलेला आहे. जुन्या वस्तूनं आपली कहाणी सांगताना गहिवरून बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल. गहिवर यायचा तेव्हा येईल. आधी माझा राग ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला शिट्टी नाही, आकडे दाखवणारा पडदा नाही, गाणं नाही. आतल्या डब्यात तांदूळ ठेवायचे, बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी ओतायचं आणि पुढचा खटका खाली दाबायचा. पाणी आटलं की खटका 'टक' करून वर येतो. एवढीच माझी अक्कल, पण तिच्यावर मी अठ्ठावीस वर्षं काढली.

शथोऊ हे आमचं गाव मोज्यांचं. घरोघरी मोजे विणायची यंत्रं खडखडत असतात. इथल्या मेईश्याबाईंनी मला विकत आणलं ते नवसापायी. त्यांचा नवरा चिनफू वादळाआधी छपराचा पत्रा ठोकायला चढला आणि खाली पडला. दहा दिवस तो शुद्धीवर नव्हता. बाईंनी क्वानयिन देवीला नवस बोलला, की माणूस उठला तर जन्मभर दर प्रतिपदेला आणि पौर्णिमेला मांसमच्छी, कांदा-लसूण तोंडात घालणार नाही. अकराव्या दिवशी चिनफूनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. बाराव्या दिवशी बाई दुकानात गेल्या. नवसाच्या जेवणाला मांसाचा वासही लागू नये म्हणून खास मला आणलं आणि झाकणाच्या मुठीला लाल दोरा बांधला. त्या दोऱ्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

पहिल्याच पौर्णिमेला माझ्यात कोबीभात झाला. हातानं तोडलेला कोबी, भिजवलेले सुके मशरूम आणि त्यांचं पाणी, गाजर, आलं, सोया सॉसची एक धार. हिवाळ्यात आमच्याकडे कोबी मातीमोल असतो. बाजार उठताना तर बाहेरची पानं शेतकरी फुकटच देतात. एवढ्यावर घर जेवायचं. मोज्यांच्या जोड्या लावणाऱ्या शेजारच्या बायासुद्धा आपापला वाडगा घेऊन यायच्या आणि यंत्राशेजारच्या स्टुलांवर बसूनच खायच्या.

चिनफू मात्र दर वेळी कुरकुरायचा. "बकरी समजतेस का मला?"

"बकरी परवडली. ती खाताना बोलत नाही," बाई म्हणायच्या. "गिळ, माकडा."

आणि ते माकड तीन वाडगे गिळायचं. डब्याच्या तळाची खरपुडी कुणाला मिळावी यावरून भांडणं व्हायची. माझ्या स्वयंपाकाचं याहून मोठं कौतुक मी मागितलं नाही.

मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं. तो मोज्यांच्याच कारखान्यात नोकरीला व्हिएतनामला असतो, नवीन वर्षाला तेवढा येतो. त्याची बायको पेईयिंग सासू-सासऱ्यांजवळ राहते आणि गावातल्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिनं माहेराहून एक पांढरा कुकर आणला. त्याला चौदा बटणं. भात झाला की तो गाणं म्हणतो. मी फ्रिजच्या डोक्यावर गेलो, जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याशेजारी. महिन्यातून दोनदा खाली उतरायचो, तेवढ्यावर समाधान मानत होतो.

पेईयिंग वाईट नाही. वाईट असती तर माझं रागावणं सोपं झालं असतं.

या हिवाळ्यात, आमचं चांद्र नवीन वर्ष पंधरा दिवसांवर आलेलं असताना, मेईश्याबाई देव्हारा पुसताना स्टुलावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. कोबी तोडणार कोण आणि माझा डबा उचलणार कोण? नवसाच्या दिवसांचं जेवण पेईयिंगनं आपल्या अंगावर घेतलं. आता साधा कोबीभात रांधून मोडक्या हाताच्या सासूपुढे ठेवला तर गल्ली काय म्हणेल, अशी तिला धास्ती. म्हणून तिनं बाजारपेठेतल्या महागड्या शाकाहारी दुकानातून डबा आणला. त्यात सोयाबीनचं बदक होतं. हुबेहूब. त्याला कातडीसुद्धा होती.

मला सांगा, बदक खाणार नाही म्हणून देवीला शब्द द्यायचा आणि पानात बदकाचाच पुतळा बसवायचा, ही कुठली रीत?

"आई, आवडलं ना?" पेईयिंगनं विचारलं.

"छान आहे हो," बाई म्हणाल्या. "पण एवढा खर्च कशाला करायचा?"

इथंच सगळा घोटाळा झाला. आमच्याकडे सासू 'एवढा खर्च कशाला' म्हणाली, की सुनेनं ओळखायचं असतं की स्वारी खूश आहे, आणि पुढच्या वेळी दोन पदार्थ जास्त आणायचे असतात. पेईयिंगनं आणले. पुढच्या वेळी बदकाबरोबर कोळंबी आली, त्यानंतर वाम मासा आला. सगळं सोयाबीनचं. बाई प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणायच्या, दोन घास खायच्या आणि चहा पिऊन निजायच्या. नवसाच्या दिवशी त्या उपाशी राहू लागल्या. दिवसेंदिवस त्यांचा चेहरा उतरला.

हे सगळं मी वरून बघत होतो. अरे, त्या बाईला कोबीभात हवा आहे. मुठीएवढा तांदूळ, अर्धा कोबी, पेलाभर पाणी. पण मी ओरडणार कसा? चिनफूला सगळं कळत होतं. सून कामावर गेली की म्हणायचा, "रबर आहे नुसतं. सांग की तिला."

"तू सांग."

"मी कशाला सांगू? नवस तुझा."

"पोर खिशातून खर्च करतेय, म्हाताऱ्या माकडा. तिचं मन कसं मोडू?"

आणि दोघंही सुनेसमोर मूग गिळून बसायचे. वैतागायचं नाही तर काय करायचं, मित्रांनो?

नव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पेईयिंगनं मला खाली काढलं. मला वाटलं, सुटलो. तिनं माझ्यात ओतलं काय, तर डुकराच्या बरगड्या, काळ्या औषधी मुळ्या आणि लाल खजूर. हाड सांधायला तिच्या आईनं सांगितलेलं सूप होतं ते. असलं सूप मंद वाफेवर व्हावं लागतं, ते चौदा बटणांच्या कुकरला जमत नाही. ते करायला मलाच घ्यावं लागतं.

लाल दोरा? तो नव्हताच. बाईंचा हात मोडल्यामुळे नवीन वर्षाची साफसफाई चिनफूवर आली होती. तेलकट झाला म्हणून त्यानं दोरा कात्रीनं कापला, नवा बांधू म्हणाला आणि विसरला. पेईयिंग दोरा दिसला की मला नवसाचा कुकर समजायची. तो नाही म्हटल्यावर तिला वाटलं, आता बाहेरून डबा येतो, हा कुकर मोकळा झाला.

वास आला तशा मेईश्याबाई स्वयंपाकघरात आल्या. झाकण उचललं आणि परत ठेवलं. खुर्चीवर बसल्या.

"हा नवसाचा कुकर आहे," त्या हळू म्हणाल्या.

पेईयिंगनं झाकणाच्या मुठीकडे बघितलं. "दोरा नव्हता, आई. मला वाटलं..."

"अठ्ठावीस वर्षं यात मांस शिरलं नव्हतं."

चिनफू टीव्हीकडे बघत होता. टीव्हीवर भेंडीच्या खताची जाहिरात चालू होती, आणि त्यानं आयुष्यात भेंडी लावलेली नाही.

तेव्हा पेईयिंगचा बांध फुटला. "या घरात मला कुणी काही सांगतं का? बदक आणलं, छान आहे. कोळंबी आणली, छान आहे. आणि जेवायला बसलात की दोन घास! मी काय चुकते, तेवढं सांगा ना. तुम्ही वाळत चाललाय आणि गल्लीतल्या बाया माझ्याकडे बघतात."

"मला ते बदक नको होतं," बाई म्हणाल्या.

"मग काय हवं होतं?"

"कोबीभात."

"कोबीभात?" पेईयिंग रडायची थांबली. "नुसता?"

बाईंनी मान डोलावली. पण हट्ट सोडला नाही. कुकर बाटला तो बाटला. उद्या कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की तिच्यात टाका, म्हणाल्या. मित्रांनो, हे ऐकून माझ्या पोटातलं पाणी आटायच्या आधीच खटका वर यायचा बाकी राहिला.

सकाळी पेईयिंगनं मला घासून घासून लख्ख केलं आणि देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवलं. "देवीला विचारू. चूक माझी आहे, कौल मी लावते."

आमच्याकडे कौल लावायचा तो लाकडाच्या दोन चंद्रकोरी ठोकळ्यांनी. जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला तर देवीची संमती. दोन्ही उताणे पडले तर देवी नुसती हसते, उत्तर देत नाही. दोन्ही पालथे, तर नाही. विचारायची संधी तीनदा.

"देवी, माझ्या चुकीची माफी कर आणि या कुकरात नवसाचं जेवण होऊ दे," पेईयिंग म्हणाली आणि ठोकळे टाकले. दोन्ही उताणे. पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा टाकले. दोन्ही पालथे.

तिनं तिसऱ्यांदा टाकायला ठोकळे उचलले. तिसरा कौल गेला की मी गेलो. मेईश्याबाई खिडकीकडे बघत होत्या. त्यांनाही मी नकोसा झालो नव्हतो, हे मला पक्कं माहीत आहे.

चिनफूनं टीव्ही बंद केला. "थांब," तो म्हणाला. "खोटं विचारशील तर ती हो कशी म्हणेल? चूक तुझी नाही. दोरा मी कापला. काल सांगायला हवं होतं, तोंड उघडलं नाही. दे इकडे ते."

गुडघे दुखत असताना तो देव्हाऱ्यापुढे बसला, झाली ती गोष्ट सरळ सांगितली आणि ठोकळे टाकले. एक पालथा, एक उताणा.

मेईश्याबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "कोबी घेऊन ये. बाहेरची पानं टाकू नको म्हणावं शेतकऱ्याला."

दुपारी पेईयिंगनं रजा घेतली. बाई खुर्चीवरून सांगत होत्या, ती करत होती. मशरूम भिजवले, कोबी तोडला, आलं चिरलं, खटका दाबला. आणि लगेच 'टक'. बाहेरच्या भांड्यात पाणी घालायलाच ती विसरली होती. काल सुपाच्या वेळी आठवणीनं घातलं होतं, आज घाईत राहिलं; चौदा बटणांची सवय, दुसरं काय. मी चिडलो, पण दुसऱ्यांदा तिनं पेला भरून पाणी ओतलं, तेव्हा कोबीची आणि आल्याची वाफ पोटात फिरली आणि मला, खरं सांगतो, गहिवरून आलं.

वाडगे भरले. मेईश्याबाईंनी डाव्या हातानं चमचा धरून पहिला घास घेतला.

"कसा झालाय, आई?" पेईयिंगनं विचारलं.

बाईंनी घास नीट चावला. सुनेकडे बघितलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

पेईयिंग उठली, सोया सॉसची बाटली आणली आणि सासूच्या वाडग्यात धार सोडली. मग स्वतःच्या वाडग्यातही सोडली. बाईंनी त्या दिवशी तीन वाडगे खाल्ले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा जुना कुकर असेल तर त्याच्या तळाचं पाणी पुसून ठेवत जा, त्याला पांढरे डाग पडतात. घरात कुणी दोन घास खाऊन उठलं तर त्याला काय हवंय ते विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, कसं झालंय, तर खरं सांगा. मला सांगता येत नाही. मी टक करण्यापलीकडे काय करणार?