पाहुण्यांसाठी भरलेली ग्रामसभा

एंजेला उजागरे श्रीरामपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी दुभाष्याचं काम करायची. शेतीची यंत्रं बसवायला आलेले परदेशी इंजिनिअर, जुनी चर्चं बघायला आलेले पाहुणे, असं काहीबाही. त्या कामातला एक नियम ती काटेकोर पाळायची. बोलणारा 'मी' म्हणाला की तिनंही 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणतात की' अशी शेपूट लावायची नाही. तसं केलं की दोन्हीकडची माणसं एकमेकांशीच बोलल्यासारखी बोलतात आणि मधला माणूस विसरला जातो. विसरलं जाण्यात तिला कमीपणा वाटत नसे. डिसेंबरातल्या त्या दिवशी मात्र याच नियमानं तिचं तोंड कडू केलं.

नगरच्या एका ग्रामविकास संस्थेचे प्रमुख राधाकृष्ण सर यांचा फोन आला. निरनिराळ्या देशांत लोकशाहीचं काय चाललंय, याचा अभ्यास करणारी मंडळी युरोपातून येणार होती. त्यांना एक जिवंत ग्रामसभा बघायची होती. पारनेरच्या पठारावरचं पिंपळमाळ हे गाव सरांनी निवडलं होतं. सरपंच बाई, सगळे ठराव एकमतानं, स्वच्छ रस्ते.

"तुम्ही थोडं आधी या," सर म्हणाले. "गाव बघून घ्या."

एंजेला पाहुण्यांच्या आधी दोन तास पोचली. पठारावर गार वारा सुटला होता आणि लांबच्या टेकडीवर पवनचक्क्या फिरत होत्या. मारुतीच्या मंदिरापुढच्या मंडपात बाया ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाच्या, घडी मोडलेल्या कोऱ्या हिरव्या साड्या. समोर एक धिप्पाड माणूस माईक घेऊन उभा होता. तो सरपंच रोहिणीताईंचा नवरा कानिफनाथ. गावाशेजारचा खडी क्रशर त्याचाच.

"मी म्हणलो, 'सर्वांची संमती हाय का?' की हात वर," कानिफनाथ सांगत होता. "खाली कवा? मी धन्यवाद म्हणल्यावर. मागच्यांनी पुढच्यांचं बघून हळूहळू वर करायचे न्हाईत. एकदम. चला, परत एकदा."

हात एकदम वर गेले. एक बाई पदर सावरत राहिली, तर त्यानं तिला उभं केलं.

"पदर नंतर, हात आधी. काय?"

बाया हसल्या. रोहिणीताई खुर्चीत बसून एक छापील कागद ओठांतल्या ओठांत वाचत होत्या. एंजेलानं राधाकृष्ण सरांना बाजूला घेतलं.

"सर, ही तर तालीम चाललीय."

"अहो, लग्नातसुद्धा बँडवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं," सर म्हणाले. "गाव चांगलंच आहे, मॅडम. फक्त ते चांगलं दिसलं पाहिजे. जगात सगळीकडे लोकशाहीबद्दल इतकं वाईट ऐकू येतंय, एक तरी बरी बातमी जाऊ द्या."

पाहुणे चौघं होते. त्यांच्यातला थोरला हेन्रिक, डेन्मार्कचा, साठी ओलांडलेला, उंच आणि वाकलेला. त्याचे डोळे दमलेले होते. फेटा बांधून घेताना तो लहान मुलासारखा मान खाली घालून उभा राहिला. लेझीम झालं, औक्षण झालं आणि सभा सुरू झाली.

रोहिणीताईंनी कागदावरचं न चुकता वाचलं. मग माईक कानिफनाथकडे गेला.

"मी माझ्या पत्नीच्या कामात कधीच ढवळाढवळ करत नाही," तो पाहुण्यांपुढे छापील मराठीत म्हणाला. "आमच्या गावात स्त्रीच्या शब्दाला मान आहे."

एंजेलानं ते इंग्रजीत सांगितलं. मी माझ्या पत्नीच्या कामात. मी. नासलेल्या दुधाचा घोट घ्यावा तसं तिला झालं. वाक्य तिच्या आवाजात, तिच्या चांगल्या उच्चारात बाहेर पडत होतं आणि हेन्रिक तिच्याकडे बघून मान डोलवत होता. पुढचं वाक्य आलं, तेही तिनं गिळलं आणि बाहेर काढलं. रस्त्याचा ठराव, शाळेच्या रंगाचा ठराव. 'सर्वांची संमती आहे का?' हात वर. 'धन्यवाद.' हात खाली. पाहुण्यांतल्या एका मुलीनं त्याचं चित्रण केलं आणि पुन्हा एकदा करता येईल का, असं विचारलं. गावानं पुन्हा एकदा हात वर केले.

तेवढ्यात मंडपाच्या अगदी कडेला बसलेली एक म्हातारी उठली. तिच्या अंगावर हिरवी साडी नव्हती. साड्या वाटताना गावाबाहेरच्या ठाकरवाडीपर्यंत कोणी गेलंच नव्हतं.

"मी ठाकरवाडीची दगडाबाई," ती म्हणाली. माईक तिच्याकडे नव्हता, पण आवाज खणखणीत होता. "मला बोलायचं हाय."

कानिफनाथ हसतच राहिला, फक्त त्याची मान ताठ झाली.

"क्रशरची धूळ आमच्या घरात येती," दगडाबाई म्हणाली. "पिठात येती. भाकर चावली की दाताखाली कचकच. पानी गाळलं की फडकं पांढरं व्हतं. माझी नात खोकून खोकून बेजार झालीया. क्रशरला समद्यांनी हात वर करून मंजुरी दिली म्हनत्यात. आमी तवा खाली वावरात खुरपत हुतो. आमच्या हातात खुरपी हुती. मंग वर कोनाचे हात गेले?"

पाहुणे एंजेलाकडे बघू लागले. कानिफनाथ तिच्या कानाशी आला. त्याच्या तोंडाला गुटख्याचा वास होता.

"मॅडम, तेवढं राहू द्या. म्हातारी जरा हललेली हाय. सांगा, पाव्हण्यांचं स्वागत करतीया म्हणून."

राधाकृष्ण सर मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. एंजेलानं एकदा दगडाबाईकडे पाहिलं. म्हातारी तिच्याकडेच बघत होती, उसनी वाटी परत मागायला आलेली शेजारीण बघते तशी. एंजेला उभी राहिली आणि तिनं एकूण एक शब्द सांगितला. मी ठाकरवाडीची दगडाबाई. धूळ आमच्या पिठात येते. माझी नात खोकते. आमच्या हातात खुरपी होती. त्या सबंध दिवसात 'मी' म्हणताना पहिल्यांदाच तिची जीभ अडखळली नाही.

आता काहीतरी होणार, असं एंजेलाला वाटलं.

हेन्रिक सावकाश उठला आणि टाळ्या वाजवू लागला. मग बाकीचे तिघं. मग, पाहुणे वाजवतात म्हणून, सगळा मंडप.

"हीच तर लोकशाही!" हेन्रिक इंग्रजीत म्हणाला. "सत्तेच्या समोर उभं राहून एक गरीब स्त्री बोलते आणि कोणी तिला अडवत नाही. आमच्याकडे हे उरलेलं नाही."

एंजेलाला हे मराठीत सांगावं लागलं. सांगता सांगता कानिफनाथच्या चेहऱ्यावर जे झालं ते ती पुढे कधी विसरली नाही. आधी तो गोंधळला, मग त्याला कळलं, मग तो खुलला. तो चार ढांगांत दगडाबाईपाशी गेला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला.

"आमच्या गावात शेवटचा माणूससुद्धा बोलू शकतो," तो माईकवर म्हणाला. "याचा आम्हाला अभिमान आहे."

फोटो निघाले. दगडाबाई मध्ये, एकीकडे हेन्रिक, एकीकडे कानिफनाथ. "आन धुळीचं?" असं ती विचारत होती, पण हलगी सुरू झाली होती.

जेवणात पुरणपोळी होती, आमटी होती, तुपाची धार होती. एंजेलानं पहिला घास तोंडात घातला आणि तिला तो खाली उतरवता येईना. रोहिणीताई वाढायला आल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." लगेच मोठ्यानं, "अजून घ्या की!" एंजेलाला त्या बाईची दया यायला हवी होती. आला तो रागच.

परतीच्या गाडीत ती हेन्रिकशेजारी बसली होती. वाटेतलं सुपे गाव मागे पडल्यावर तिच्यानं राहवलं नाही. तालीम, साड्या, क्रशर कोणाचा, सगळं तिनं सांगून टाकलं. हेन्रिक खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तालीम होते हे. प्रत्येक देशात होते. कुठे नाच असतो, कुठे मुलांची गाणी. पण त्या बाई तालमीतल्या नव्हत्या ना?" तो खिडकीकडून तिच्याकडे वळला. "आमच्या गावातलं वाचनालय बंद केलं तेव्हा कोणी आम्हाला विचारलं नाही. माझे शेजारी आता मतदानाला जात नाहीत, फक्त फोनवर एकमेकांना शिव्या देतात. मी घरी जाऊन लिहिलं की इथेही सगळं खोटं आहे, तर ते म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो. लोकांना आशा लागते."

"आणि धूळ?"

"धुळीचा उल्लेख मी करीन," तो म्हणाला. केविलवाणा, खरोखर सभ्य माणूस. एंजेलाला वाटलं, कानिफनाथबद्दलची किळस निदान सरळ तरी होती. या माणसाबद्दल काय वाटून घ्यायचं तेच कळत नव्हतं. घरी पोचल्यावर तिनं बराच वेळ चुळा भरल्या.

जानेवारीत राधाकृष्ण सरांनी फिल्म पाठवली. जेमतेम चार मिनिटांची. पठार, पवनचक्क्या, एकदम वर जाणारे हिरवे हात आणि दगडाबाई. तिचं तोंड हलत होतं, हात हवेत होता, डोळे पेटले होते. आवाजाच्या जागी बासरी. खाली इंग्रजीत ओळ होती: 'माझं म्हणणं ऐकलं जातं.'

"इथे तुमचा आवाज हवाय, मॅडम," सर फोनवर म्हणाले. "तेवढं एकच वाक्य. तुम्ही त्या दिवशी इतकं मनापासून बोललात की सगळे हलले."

"ती हे बोललेली नाही."

"भावार्थ तोच आहे."

"भावार्थ?" एंजेला म्हणाली. "सर, तुम्हाला लाज नाही वाटत?" आणि तिनं फोन ठेवला. पुढे ते वाक्य दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं. गोड आवाजात.

दुसऱ्या रविवारी उपासना आटोपून ती एसटीनं पारनेरला आणि तिथून टमटमनं पिंपळमाळला गेली. ठाकरवाडी क्रशरवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर होती. छपरं, बाभळी, वाळत घातलेलं फडकं, सगळं पिठात लोळवल्यासारखं. दगडाबाईनं तिला ओळखलं आणि बसायला पोतं टाकलं. एंजेलानं फिल्म दाखवली. म्हातारीनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"मी बोलतीया, पन आवाज न्हाई आला."

"काढून टाकलाय."

"मंग तोंड कशाला ठेवलं?"

एंजेलानं मोबाईल परत घेतला. आतून नातीच्या खोकल्याचा आवाज आला. बराच वेळ.

"सव्वीस जानेवारीला सभा हाय," दगडाबाई म्हणाली. "तू ये. तू हुतीस तवा त्यानं गप ऐकून घेतलं. गोरी मानसं नसली तरी चालंल."

एंजेला गेली. झेंडावंदनानंतरच्या सभेला मंडप नव्हता. मंदिराच्या ओट्यावर वीसेक माणसं, सह्यांचं रजिस्टर हातोहात फिरतंय, कोणी तंबाखू मळतंय. या वेळी ठाकरवाडीच्या सगळ्या बाया आल्या होत्या. दगडाबाई उठली आणि तेच बोलली, जवळजवळ त्याच शब्दांत.

कानिफनाथनं पिचकारी टाकली. "मागच्या टायमाला बोललीस ना? टाळ्या बी वाजल्या. आता बस."

कोणीतरी हसलं. एंजेला नकळत उभी राहिली. तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की इथे भाषांतर करायला काही नाही. ओट्यावरच्या प्रत्येकाला प्रत्येक शब्द कळला होता. शाळेचे मास्तर, दूधवाला, देवळाचा पुजारी, सगळ्यांना. त्यांना कळलं होतं आणि ते जमिनीकडे बघत होते.

"रोहिणे, तू सरपंच हायेस," दगडाबाई म्हणाली. "तू सांग."

रोहिणीताईंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही, त्याची गरजच नव्हती. कागद उलटला. "पुढचा विषय," त्या म्हणाल्या.

दगडाबाई जराशी थांबली. मग तिनं पायात चप्पल सरकवली आणि ओट्यावरून उतरली. तिच्यामागे तिच्या वाडीच्या बाया. घरी जातायत असं एंजेलाला वाटलं. पण त्या क्रशरच्या रस्त्याला लागल्या आणि चढ संपतो तिथे, ऐन रस्त्यात, बसल्या. खडी भरलेला डंपर समोर येऊन थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, मग इंजिन बंद करून विडी पेटवली. एंजेलाही त्यांच्यात बसली. गावातून कोणी आलं नाही. लांबून बघायला मात्र आले.

दुपारी राधाकृष्ण सरांचा फोन आला. बातमी त्यांना कशी कळली, देव जाणे.

"मॅडम, फार मोठी गोष्ट घडतेय. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवता येईल का त्यांना? कॅमेरा पाठवतो."

एंजेलानं फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि थुंकी गिळली, तर ती खरखरीत लागली.

पोलीस आले, तिसऱ्या दिवशी तहसीलदार आले. क्रशर काही दिवस बंद राहिला आणि मग भोवती हिरवी जाळी लावून पुन्हा सुरू झाला. सकाळी एक टँकर रस्त्यावर पाणी मारून जातो. धूळ पहिल्यापेक्षा थोडी कमी येते. गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागलाय: 'धूळमुक्त पिंपळमाळ, एक लोकचळवळ'. त्यावर कानिफनाथ आणि रोहिणीताई, दोघंही हात जोडून.

नात अजून खोकतेच. दगडाबाई तिला महिन्यातून एकदा नगरच्या सरकारी दवाखान्यात आणते आणि त्या दिवशी एंजेला श्रीरामपूरहून येते. डॉक्टर इंग्रजीत जे बोलतात ते ती म्हातारीला नीट समजावून सांगते.