जानोशाला गेलेला कूलर

दोन दिवसांनी पाचोऱ्याहून जळगावला परतले, प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि डोक्यात तिडीकच गेली. खिडकीतला कूलर गायब! मे महिना, बंद खोली, आणि टाक्यांमध्ये गुजरातच्या किनाऱ्यावरच्या ओख्याहून रेल्वेनं, मांडीवर सांभाळत आणलेली माझी प्रवाळं.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, प्राणी. त्याच्या अंगात शेवाळ राहतं. तो शेवाळाला घर देतो, ते त्याला जेवू घालतं. पाणी तापलं की ही जोडी मोडते, शेवाळ निघून जातं आणि प्राणी उपाशी मरतो. एक टाकी मी मुद्दाम तापवत होते. दुसरी गार राहिली तरच तुलना होणार होती, तरच माझी पीएच.डी. होणार होती. आता दोन्ही टाक्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पाण्याला वास येत होता.

"कूलर कुठंय, भिकनभाऊ?"

शिपाई भिकनभाऊ खाली बघत म्हणाले, "ताई, सरसनी पोरनं लगीन शे ना. जानोसामा पाव्हणासले उकडस."

सर म्हणजे डॉ. महाजन, माझे मार्गदर्शक. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना उकडतं म्हणून कूलर त्यांनी जानोशाला नेला होता. वऱ्हाड ज्या शाळेत उतरलं होतं तिथं, त्या जानोशात, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा घेऊन मी तशीच गेले. नवरदेवाचे काका माझ्या कूलरसमोर बनियनवर घोरत होते. सर हसले. "अगं बिऱ्हाडे, एवढं काय त्यात? दुसरी प्रवाळं आण. नाहीतरी उष्णतेनं मरतात हेच दाखवायचं होतं ना तुला?"

याच माणसाच्या सहीवाचून माझा प्रबंध पुढे सरकणार नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, की व्याह्यांपुढे माझ्या कामाची किंमत शून्य होती?

संध्याकाळी आहेराच्या रांगेत उभी राहिले. आमच्याकडे कोणी काय दिलं ते भोंग्यावर पुकारतात. माइकवाले झुलाल नाना कानात सांगाल तेच ओरडतात, अर्थ त्यांना मागाहून लागतो.

"रत्नमाला बिऱ्हाडे, पाचोरा, यांच्याकडून सरांना मेलेलं प्रवाळ! त्याचा कूलर जानोशात चालू आहे!"

पुकारून झाल्यावर नानांनी जीभ चावली. सरांच्या बायकोनं मात्र तो पांढरा तुकडा कौतुकानं उजेडात धरला. "कित्ती सुंदर! शोकेसमध्ये ठेवू या."

सर दात आवळून माझ्या कानाशी आले. "सही विसर आता."

"सही कशावर करणार होता, सर?" मी म्हणाले, आणि न जेवता मांडवाबाहेर पडले.